काँग्रेस गवतावरचा पट्टेरी किडा

परवा शनिवारी सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. मागच्या मोकळ्या प्लॉटवर माजलेलं काँग्रेस गवत आणि त्याच्या पानापानावर पट्टेरी किडे. खाली कुणीतरी मोबाइलमधल्या अ‍ॅपचा निकाल डकवलेला : 'कोलोरॅडो पोटॅटो बीटल, बटाट्याची घातक कीड.' मग काय! पंधरा मिनिटांत अठरा अंगठे, आणि सोमवारी फवारणीवाल्याला बोलवायचं असं ठरलंसुद्धा. (पार्किंगच्या विषयावर इतकं एकमत मी गेल्या चार वर्षांत पाहिलेलं नाही.)

मी खाली गेलो. माळीकाका तिथेच होते. म्हणाले, "अहो साहेब, ह्यो काँग्रेस खाणारा किडा. पाऊस पडला की निघतो. औषध कशाला मारताय त्याच्यावर?" काकांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पुरळ उठलेलं आहे, ते गवत उपटून उपटून. त्या गवताचा शत्रू कोण हे त्यांना ठाऊक नसेल तर कुणाला असणार?

तरी म्हटलं, आपण स्वतः बघू. एक किडा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून घरी आणला. (ही बरणी आता स्वयंपाकघरात परत यायची नाही, असं आईने जाहीर केलं आहे.) पट्टीवर ठेवला तर जेमतेम ६ मिलिमीटर. कोलोरॅडो भुंगेरा असतो १० च्या आसपास. त्याच्या डोक्यामागचा भाग नारिंगीसर, त्यावर काळे ठिपके. याचा तोच भाग गडद तपकिरी. त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पाच-पाच सरळ काळ्या रेघा, लॅटिन नावातच 'दहा रेघांचा' असं लिहिलेलं. याची पाठ सायीच्या रंगाची, आणि तपकिरी पट्टे वेडेवाकडे, मध्येच वळलेले. शेवटी भिंगाखाली पाय धरला. टोकाच्या दोन नख्या बुडाशी एकमेकींना जुळलेल्या. ही खूण झायगोग्रामा या कुळीची. म्हणजे आमचे पाहुणे झायगोग्रामा बायकलराटा, ऊर्फ मेक्सिकन भुंगेरे. कोलोरॅडो भुंगेऱ्याची तर भारतात नोंदच नाही.

एवढ्याला मला दीड तास लागला. अ‍ॅपला दोन सेकंद. पण मी जे केलं ती नुसती ओळख पटवणं होतं, वर्णन नव्हे. आपल्या भाषेत सांगायचं तर मी फक्त फंक्शन कॉल केलं, ते लिहिलं होतं दुसऱ्याच कुणीतरी. १९५३ साली पॅलिस्टर नावाच्या माणसाने या किड्याचं पहिलं वर्णन छापलं, म्हणून त्याला नाव आहे. तोवर काँग्रेस गवत भारतभर पसरायचं होतं. आपल्या पुण्यातून त्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आली ती १९५६ साली. पुढे १९८३ मध्ये मेक्सिकोतून हा किडा बंगळूरला आणला, आपल्या पिकांना धोका नाही ना याच्या चाचण्या घेतल्या आणि १९८४ मध्ये मोकळा सोडला. ज्याचं नावच धड ठाऊक नाही असा किडा कोण सोडू देईल?

माळीकाकांची 'जे खातो त्यावरून ओळख' ही पद्धत पानभुंगेऱ्यांसाठी खरोखर उत्तम आहे. पण ती एकटी पुरत नाही. १९९० नंतर बंगळूरच्या आसपास हाच किडा सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि मोठा गहजब झाला. चौकशी समिती बसली. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की शेजारच्या गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले की हा किडा फसतो आणि ती पानं खायला लागतो. काकांना हे सांगितल्यावर ते हसले. "चव लागली आसंल," म्हणाले.

बरं, 'दिसायला सारखे, खाणंही तेच, मग नावावरून वाद कशाला' असं म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतली गोष्ट. तिथे टॅमरिस्क नावाचं परकं झुडूप नदीकाठ बळकावून बसलं होतं. ते फस्त करायला २००१ मध्ये चीन आणि कझाकस्तानमधून आणलेला एक छोटा पानभुंगेरा, डायोरॅब्डा, सोडला. उत्तरेकडे त्याने झुडपं बोडकी केली. टेक्ससमध्ये मात्र गडी ऐन उन्हाळ्यात झोपी जायचा, कारण तिथले उन्हाळ्यातले दिवस त्याच्या गावच्यापेक्षा लहान. मग क्रीट, ट्युनिशिया, उझबेकिस्तान इथून भुंगेरे आणले. सगळ्यांच्या कपाळावर सुरुवातीला एकच नाव. २००९ मध्ये ट्रेसी आणि रॉबिन्स यांनी नरांच्या जननेंद्रियातले बारीक कडक भाग ताडून पाहिले आणि दाखवून दिलं की या एका नावाखाली पाच जाती आहेत. वरच्या चारही ठिकाणचे भुंगेरे चार वेगळ्या जातींचे निघाले! कुठला किडा कुठे चालेल याचा हिशोब तेव्हा कुठे लागला.

माझा राग अ‍ॅपवर नाही. मीही पोटासाठी तसलंच सॉफ्टवेअर लिहितो. राग यावर आहे की आपण मॉडेलला लाखो फोटो खाऊ घालतो, पण त्यातल्या पहिल्या फोटोखाली बरोबर नाव कोण लिहिणार, हे विचारत नाही. ते लिहितो म्युझियमच्या खणातले वाळके किडे भिंगाखाली धरून वर्षानुवर्षं नख्या बघणारा माणूस. त्याच्या कामाला ना डेमो, ना फंडिंग, ना लाँच पार्टी. आपल्यापैकी कुणाच्या पोराने 'मला भुंगेऱ्यांचं वर्गीकरण करायचंय' म्हटलं तर घरात काय होईल याची कल्पना करा. माझ्या घरात तर एका बरणीवरून एवढं झालं!

असो. दीड तासाचं फलित म्हणून ग्रुपवर शेजारी शेजारी दोन फोटो टाकले आणि चार ओळी लिहिल्या : आकार, डोक्यामागचा रंग, पट्टे, नख्या. हेही कबूल केलं की किडा एकटा पुरणार नाही. थंडीत तो जमिनीत जाऊन झोपतो आणि पाणी मिळालं की गवत पुन्हा माजतं, त्यामुळे काकांना चांगले लांब हातमोजे घेऊन द्यायला हवेत. तीन अंगठे आले. एकाने विचारलं, "पण मग अ‍ॅप चुकीचं कसं असेल?" अध्यक्षांनी फवारणी एक आठवडा पुढे ढकलली आहे. हातमोज्यांचा खर्च कोणत्या खात्यातून करायचा, यावर चर्चा चालू आहे.