मोजमाप परक्यांचे, भुर्दंड आपला

महाड औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांना टोल्युइन, झायलीनसारखी द्रावके लागतात. ती खनिज तेलापासून बनतात. तेलाचा भाव हलला की द्रावकांचा हलतो आणि सावित्रीकाठच्या लघुउद्योजकाचे गणित विस्कटते. पुष्कळदा हा भाव हलवायला प्रत्यक्ष टंचाई लागत नाही. कोणी जाहीर केलेला अंदाज पुरतो. म्हणून त्या अंदाजाचीच झडती घेतली पाहिजे.

संगणकाच्या पडद्यावर जगाचे तेल-उत्पादन क्षणाक्षणाला वाढताना दिसते. भाबड्या माणसाला वाटते, प्रत्येक विहिरीवर मीटरच बसवला आहे! वास्तविक जुन्या आकडेवारीवरून दिवसाची सरासरी काढायची, तिला ८६,४०० सेकंदांनी भागायचे आणि आकडा पळता ठेवायचा, एवढीच ही करामत. हा भागाकार आहे, मोजमाप नव्हे.

मासिक अंदाज याहून गंभीर असतात, पण तेही अंदाजच. ‘ओपेक’ आपल्या सदस्यांचे उत्पादन ठरवताना ‘दुय्यम स्रोतां’चा, म्हणजे बाहेरच्या संस्थांचा, आधार घेते. टँकरच्या हालचाली आणि उपग्रहाने टिपलेल्या टाक्यांच्या सावल्या यांवरूनही तर्क बांधले जातात. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने फेब्रुवारी २०२२ मध्ये जागतिक मागणीचे जुने आकडे मागे जाऊन दुरुस्त केले. सौदी अरेबिया व चीनमधील पेट्रोरसायन उद्योगाचा वापर कमी धरला गेला होता! दुरुस्ती दिवसाला सुमारे आठ लाख पिंपांची. भारताचे स्वतःचे उत्पादन दिवसाला सहा लाख पिंपांच्या आसपास. म्हणजे परक्यांच्या हिशेबातील चूक आपल्या सबंध उत्पादनाहून मोठी! पुढच्याच महिन्यात ओपेक व तिच्या सहयोगी देशांनी या संस्थेला आपल्या स्रोतांतून वगळले. मोजणारा कोण असावा, हा प्रश्न राजकारणाचाच असतो.

भारतातही २००२ पासून पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन व विश्लेषण कक्ष देशाची आकडेवारी ठेवतो. ती आरशासारखी आहे आणि आरसा सुखावत नाही. आयातीवरील अवलंबन २०२२ पर्यंत दहा टक्क्यांनी घटवण्याचा संकल्प २०१५ मध्ये झाला. प्रत्यक्षात २०२३-२४ मध्ये ते ८८ टक्क्यांच्या घरात गेले. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून हा आकडा झाकणे हा राष्ट्रद्रोहाचाच एक सभ्य प्रकार ठरेल.

महाडच्या उशाशी रायगड आहे. त्या राजधानीच्या राज्यात अण्णाजी दत्तोंनी काठीने जमीन मोजून सारा ठरवला; नजरअंदाजावर भागवले नाही. स्वतः उपग्रह सोडणाऱ्या देशाने तेलाच्या टाक्यांच्या सावल्या परक्यांच्या डोळ्यांनी का पाहाव्यात? स्वदेशी केवळ वस्तूंची नसते, मोजमापाचीही असते. ज्याची काठी त्याचा हिशेब, हे शिवरायांच्या भूमीला कोणी नव्याने शिकवायला नको.