अवघड आहे, तर तसं सांगा की!

ज्या जागेची सगळी मजा तिच्या अवघडपणात आहे, तिथे येणाऱ्याला तो अवघडपणा आधी नीट सांगावा की नाही? माझ्या मते सांगावा, तोही आकड्यांत. आणि एकदा सांगितला की मग तो तसाच ठेवावा, उगाच कठडे-पायऱ्या घालू नयेत. हे मत पक्कं झालं पोलादपूरच्या मागच्या डोंगरात, पण त्याचं बीज मात्र अमेरिकेतल्या एका भलत्याच खेळातून आलं.

माझ्या एका जुन्या कलीगला तिकडे डिस्क गोल्फचं वेड लागलंय. आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. फ्रिस्बीसारखी, पण लहान आणि जड चकती फेकत फेकत खांबावरच्या साखळ्यांच्या टोपलीत टाकायची. कमीत कमी फेकांत अठरा टोपल्या पूर्ण केल्या की जिंकलात. एड हेड्रिक नावाच्या गृहस्थांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमचं मैदान आखलं. (हे गृहस्थ २००२ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख मिसळून चकत्या बनवल्या. वेड म्हणतात ते हे!) आता तिकडे काही मैदानं अशी आहेत, की लोक तीन-चार तास गाडी चालवून केवळ ती अवघड आहेत म्हणून जातात. केंटकीतलं आयडलवाइल्ड त्यातलंच. दाट झाडी, चढउतार, चकती जरा तिरकी गेली की गेलीच.

मित्राने तिथले फोटो पाठवले. मला झाडीपेक्षा पाटी जास्त आवडली. खेळ सुरू करायच्या जागेवर नकाशा, अंतर आणि 'पार' लिहिलेलं. (आपल्याकडे पार म्हणजे प्रतापगडाच्या पायथ्याचं गाव; तिकडे पार म्हणजे मुरलेल्या खेळाडूला किती फेका लागाव्यात तो आकडा.) म्हणजे मैदान तुमच्यावर दया करत नाही, पण फसवतही नाही. जमेल तर खेळा, नाहीतर शेजारचं सोपं मैदान आहेच.

आता या चंद्रगडाकडे. मुंबई-गोवा हायवेवर पोलादपूरला उतरायचं, तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठवरून आत ढवळे गावी जायचं. समोर चंद्रगड, त्यामागे महाबळेश्वरची भिंत. हा सगळा जावळीचा मुलूख, चंद्रराव मोऱ्यांचा. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये घेतला तो. ढवळ्यातून चंद्रगड चढायचा, तो उतरायचा, मग जंगलातून ढवळे घाटाने बहिरीच्या घुमटीवरून थेट आर्थर सीटवर निघायचं. रमतगमत नाही, चांगल्या चालीने दहा-बारा तास. सगळी चढाई मिळून हजार मीटरच्या वर. आम्ही गेलो तेव्हा वाटेत मोबाईलला रेंज नव्हती, आणि जंगलात ढोरवाटा इतक्या, की माहीतगार सोबत नसेल तर योग्य वाट कोणती हे त्या वाटेलाच विचारावं लागेल.

आमचा चौघांचा ग्रुप होता, शिवाय ढवळ्यातले एक मामा. पहाटे पाचला टॉर्च लावून निघालो. चंद्रगडाच्या शेवटच्या कातळाखाली पोचलो तर तिथे एक मोठी बॅच. तीसेक जण, बहुतेक आयटीतलेच, त्यातले निम्मे पहिल्याच ट्रेकला आलेले. आयोजकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज त्यातल्या एकीने मला दाखवला. त्यात 'मीडियम लेव्हल' होतं, निसर्गाची मुक्त उधळण होती, नाश्त्याला पोहे की उपमा हेही होतं. किती तास, किती चढ, किती पाणी हे मात्र नव्हतं. मीडियम म्हणजे नेमकं काय, हो? कशाच्या मानाने? पर्वतीच्या की एव्हरेस्टच्या?

यात गणित अगदी साधं आहे, आपल्या धंद्यातलंच. त्या कातळावर दोर लावून एका वेळी एकच जण चढू शकतो. माणशी तीन मिनिटं धरा. तीस माणसं म्हणजे दीड तास, आणि उतरताना पुन्हा दीड तास. बारा तासांच्या दिवसातले तीन तास केवळ रांगेत उभं राहण्यात गेले. सर्व्हर कितीही दणकट असो, एका थ्रेडवर तीस रिक्वेस्ट सोडल्या तर काय होतं ते वाचकांना सांगायला नको. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो, म्हणजे ही बॅच आर्थर सीटच्या खालच्या जंगलात रात्री अडकणार हे सकाळी दहा वाजताच कागदावर मांडता आलं असतं.

मामांनी एकदा त्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरं चांगली हायत, पन पानी कमी आणलंय." पुढे त्या बॅचमधले बारा-पंधरा जण ढवळ्यातच परतले, बाकीचे रात्री नऊनंतर वर पोचले असं कळलं. सुखरूप, म्हणून ही गोष्ट कुठे छापून आली नाही.

असं काही म्हटलं की लगेच दोन उपाय सुचवले जातात. एक, बंदी घाला. दुसरा, रेलिंग लावा, पायऱ्या करा, जमलं तर रोपवे. मला दोन्ही मान्य नाहीत. रायगडाला १९९६ साली रोपवे झाला, आणि उत्तम झालं. तो राजधानीचा गड आहे, तिथे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना जाता आलं पाहिजे. पण प्रत्येक डोंगर सगळ्यांसाठी नसतो. चंद्रगड सोपा केला तर उरेल काय? गडावर उघड्यावरचा महादेव, कातळातली टाकी आणि वारा. हे बघायला चढून जावं लागतं म्हणूनच ते बघण्यासारखं आहे.

शिवाय अवघड जागांचा एक उपयोग आपण विसरतो. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस याच पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटात दरीत कोसळली. ३० जण गेले. भर पावसात, निसरड्या दरीत दोर लावून उतरले ते महाबळेश्वर-पोलादपूरकडचे ट्रेकर्स आणि आसपासचे गावकरी. ते कौशल्य दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये येत नाही, अशाच कड्यांवर वर्षानुवर्षं घासून येतं. पण म्हणून त्याच माणसांना दर शनिवारी रात्री कोणाच्या तरी 'मीडियम'पायी जंगलात का उतरवायचं? सकाळी त्यांना शेतावर किंवा कामावर जायचं असतंच की.

२०२१ साली राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांच्या नोंदणीची सोय झाली. चांगलंच आहे. पण नोंदणीचा कागद आयोजकाच्या ड्रॉवरमध्ये राहतो. मला हवी आहे ती पाटी, ढवळे गावात, पहिल्या घराच्या अलीकडे, पैसे भरून आलेल्या माणसाला दिसेल अशी. अंतर, एकूण चढाई, सरावलेल्या माणसाला लागणारा वेळ (हा आपला पार), कोणत्या महिन्यात कुठे पाणी मिळतं, कातळावर एका वेळी किती जण, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इतक्या वाजेपर्यंत खिंडीत पोचला नाहीत तर मागे फिरा. आकडे कोणी ठरवायचे? गावातल्या मामांनी. त्यांना ते पाठ आहेत, विचारायला फक्त कोणी गेलं नाही.

एका मित्राचं म्हणणं, पाटी लावलीस की गर्दी आणखी वाढेल. मला उलट वाटतं. 'निसर्गाची उधळण' वाचून माणूस येतो; 'बारा तास, चार लिटर पाणी' वाचून तो आधी आपल्या गुडघ्यांना विचारतो. काहीजण तेवढ्यासाठीच येतील हेही खरं, पण ते तयारीने येतील.

आम्ही वर आर्थर सीटला पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. घामाने चिकटलेले कपडे, हातापायांवर ओरखडे, आणि समोर कारमधून उतरलेली, सेंट लावलेली मंडळी कठड्याला टेकून फोटो काढताहेत. एका काकांनी विचारलं, "खालून आलात? रस्ता आहे का तिकडून?" मामा म्हणाले, "हाय ना. पन गाडी न्हाय येत." मग आम्ही चौघांनी मिळून आठ मक्याचे पॅटिस खाल्ले. मामा मात्र चहाच घेऊन तसेच खाली निघाले, अंधार पडायच्या आत घुमटी गाठायची म्हणून.