बस्ता आणि सनई

दुकानात गाणी लावण्यावर माझा राग आहे, हे ऐकून मंडळी माझ्याकडे अरसिक म्हणून बघतात. बघोत बापडी. गाणं मलाही आवडतं; पण ते घरी, पाय पसरून. लुगड्याचा भाव विचारताना कानाशी कुणी बासरी वाजवायला लागला, की मी आधी खिसा चाचपतो.

आमच्या बेंबळीच्या आठवडी बाजारात संगीत म्हणजे विकणाऱ्याचा स्वतःचा घसा. "धाला दोन जुड्या, धाला दोन!" या गाण्यात माल आला, भाव आला. शिवाय त्याला उत्तर देता येतं. "मावशी, तीन द्या की." "न्हाई परवडत, अप्पा." "मग ऱ्हाऊ द्या." एवढं म्हणून चार पावलं पुढं जायचं आणि मागून हाक यायची वाट बघायची. जुगलबंदीच ती! हल्ली काहींनी हीच आरोळी यंत्रात भरून भोंग्याला जोडलीय. भोंगा ओरडतो, मालक तंबाखू मळतो. तरी मी त्याला माफ करतो. तो निदान भाव तरी सांगतो.

माझं भांडण आहे ते शहरातल्या काचेच्या दुकानांशी. वातावरण प्रसन्न राहावं म्हणून गाणी लावतो, असं दुकानदार म्हणतात. तुम्हीही म्हणाल, गाण्यानं काय होतंय? अहो, होतं! मिलिमन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९८२ साली एका सुपरमार्केटातला प्रयोग छापला. संथ संगीत लावलं की गिऱ्हाईक रेंगाळतं, जलद लावलं की झपझप चालतं. आणि संथ लयीत विक्री जलद लयीपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त! विलंबित ख्यालाला एवढी बिदागी आपल्याकडं कुणी दिली नसेल. पुढं १९९७ साली इंग्लंडात दिसलं की फ्रेंच धून लावली तर फ्रेंच वाइन जास्त खपते, जर्मन लावली तर जर्मन. आणि विचारलं तर बहुतेक गिऱ्हाइकं म्हणाली, छे, संगीताचा काय संबंध! आता बोला. (कानठळ्या बसवणाऱ्यांसाठी सांगतो, १९६६ सालीच दिसून आलंय की मोठ्या आवाजानं गिऱ्हाईक लवकर बाहेर पडतं आणि विक्रीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. तेव्हा कृपा करा.)

वाइनचं जाऊ द्या, ती त्यांची त्यांना लखलाभ. आपल्याकडं लग्नाचा बस्ता असतो. गेल्या हंगामात शेजाऱ्यांच्या मुलीच्या बस्त्याला मीही गेलो होतो. मुलीचा बाप सोयाबीनच्या पट्टीचे पैसे बंडीच्या आतल्या खिशात घालून गादीवर अंग चोरून बसलेला. आणि वर भिंतीतून सनई! नुसती मंद, गोड सनई. समोर शालू उलगडतायत, आत्याबाई डोळे पुसतायत, आणि बाप एकेका शालूला "असू द्या, असू द्या" म्हणतोय. बाजारात दहा रुपयांसाठी चार पावलं पुढं जाणारा हा माणूस! पण सनई चालू असताना तो उठून जाणार कसा? मांडवातून उठून गेल्यासारखं वाटतं ना! घासाघिशीतलं आमचं एकुलतं एक हत्यार, ते त्या भिंतीतल्या डब्यानं काढून घेतलं. आणि डब्याशी हुज्जत तरी कशी घालायची? त्याला कान नाहीत.

कापडं दाखवणाऱ्या पोराला मी म्हटलं, "बाळा, जरा बंद कर की हे." तो बिचारा हळूच म्हणाला, "काका, माझ्या हातात असतं तर कवाच केलं असतं. सकाळी दुकान उघडल्यापासून हीच ऐकतोय." रोज किती लग्नं लागत असतील त्या पोराच्या डोक्यात! गिऱ्हाईक तासाभरानं सुटतं. त्याला शटर पडेपर्यंत सुटका नाही.

माझी मागणी मोठी नाही. भाव ठरेपर्यंत सनई बंद. पैसे मोजून झाले, की हवी तर सनई लावा, संबळ लावा, हलगी लावा. मी स्वतः नाचत गाडीपर्यंत गठ्ठे नेईन. हे मी त्या दिवशी गल्ल्यावर जाऊन मालकांना स्पष्ट सांगितलं. मालक हसले. आवाज बोटभर कमी केला, आणि पोराला म्हणाले, "काकांना चहा सांग रे. इलायचीचा."