तळच्या कप्प्यांतील तबकडी

संसारांत वस्तु जमतात कशा हें सांगतां येत नाहीं. परंतु त्या काढून टाकण्याचा प्रसंग आला म्हणजे प्रत्येक वस्तूला वाचा फुटते, असा आमचा अनुभव आहे. आमच्या जुन्या घराच्या जागीं नवी इमारत व्हावयाची असल्यामुळें गेले दोन महिने आमच्याकडे आवराआवर चालली आहे. भांडींकुंडीं झालीं, पोथ्या झाल्या, आणि शेवटीं माजघरांतील शिसवी कपाटाची पाळी आली. या कपाटांत तीन पिढ्यांनीं जमविलेल्या गाण्यांच्या तबकड्या आहेत. आमचा पुतण्या मोठा व्यवहारी. तो म्हणाला, "काका, हीं सगळीं गाणीं आतां फोनवर ऐकतां येतात. हें ओझें नव्या घरांत कोठें ठेवावयाचें?" प्रश्न अगदींच अस्थानीं नव्हता. आम्हीं एवढेंच म्हटलें, "आधीं मोजूं तर दे." मोजतां मोजतां जें हातीं लागलें तें वाचकांच्या कानीं घालावें, म्हणून आजचा हा प्रपंच.

कपाटाचे कप्पे तीन. वरच्या कप्प्यांत आम्हीं स्वतः नोकरी लागल्यानंतर पगारांतून एकेक करून घेतलेल्या लाँग-प्ले तबकड्या. या व्हिनाइल नांवाच्या द्रव्याच्या. मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांच्या थोड्या अधिक वेगानें फिरणाऱ्या, आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटें गाणाऱ्या. अमेरिकेंत त्या १९४८ सालीं निघाल्या. मधल्या कप्प्यांत आजोबांच्या व वडिलांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या: बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, मास्तर दीनानाथ. या लाखेच्या. लाख आपल्याच देशांतील झाडांवरचे किडे करतात. तींत दगडाची भुकटी व काजळी मिसळून ही तबकडी होई. ती हातांतून पडली कीं खापराप्रमाणें फुटे, आणि एका बाजूस गाणें मावे तें जेमतेम तीन-सवातीन मिनिटांचें. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजान यांचा आवाज मुद्रित झाला, तेव्हांपासून आपल्या गवयांस ही तीन मिनिटांची शिस्त लागली. त्या वेळीं तबकड्या जर्मनींत हॅनोव्हरला घडत. तेथील कारागिरांस गाणें कोणाचें हें कळावें म्हणून गाण्याच्या शेवटीं गायक स्वतःचें नांव मोठ्यानें सांगे.

तळच्या कप्प्यांत मात्र कोणाच्याच हिशेबांत नसलेल्या तबकड्या होत्या.

आम्हीं त्या एकेक करून वाजवूं लागलों, आणि लक्षांत आलें कीं आपण ज्यांस ऐकलेल्या म्हणतों त्याही पुष्कळशा ऐकलेल्या नसतात. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांची विष्णुसहस्रनाम व भज गोविन्दम् या स्तोत्रांची तबकडी आमच्या घरीं इतकी वाजली आहे कीं मुलांचीं स्तोत्रें तिच्यावरच पाठ झालीं. परंतु भज गोविन्दम् च्या आरंभीं राजाजींचें इंग्रजींत एक छोटेखानी प्रास्ताविक आहे. तें सुरू झालें कीं कोणी तरी उठून सुई उचलून पुढें ठेवी. या वेळीं तें प्रथमच शेवटपर्यंत ऐकलें. ज्ञानाचा आणि भक्तीचा मार्ग वेगळा नाहीं, हा त्याचा मथितार्थ. आणि हें सांगणारा आवाज म्हाताऱ्या, सावकाश बोलणाऱ्या माणसाचा. आयुष्यभर संस्कृत शिकविणाऱ्या आम्हांस तीं दोन मिनिटें कधीं सवडीचीं वाटलीं नव्हतीं!

उपेक्षित तबकड्यांचें दैव कधीं कधीं फार मोठें असतें. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं, आणि त्यांत पृथ्वीवरील निवडक संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेविली. हिंदुस्थानी संगीतापैकीं त्यांत गोव्याच्या केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ती मूळ तबकडी बाजारांत मिळेना. शेवटीं न्यूयॉर्क येथील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत, टेबलाखालच्या धुळकट खोक्यांत तिच्या प्रती सांपडल्या. दुसरें यान ५ सप्टेंबरला सुटलें, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. आज तीं दोन्ही यानें सूर्याच्या प्रभावक्षेत्रापलीकडे गेलीं आहेत. टेबलाखालचें खोकें आणि ताऱ्यांमधला अवकाश, यांत अंतर केवळ कोणी तरी वाकून पाहण्याचें होतें.

आम्हीही वाकून पाहिलें. पंचांगांच्या गठ्ठ्याखालीं एक दहा इंची लाखेची तबकडी निघाली. वेष्टन नव्हतें, चोळीच्या जुन्या खणांत ती गुंडाळलेली होती. तबकडी हिराबाई बडोदेकरांची, दोन्ही बाजूंस भावगीतें. ती पाहतांच आम्ही मटकन् खालीं बसलों.

ही तबकडी आमच्या माईंची. माई म्हणजे आमच्या थोरल्या काकू. विसाव्या वर्षाच्या आंत त्यांस वैधव्य आलें, आणि पुढचें सारें आयुष्य आमच्या स्वयंपाकघरांत गेलें. ही तबकडी त्यांच्या भावानें त्यांस आणून दिलेली. मिरजेस १९०५ सालीं जन्मलेल्या हिराबाई या तंबोरे जुळवून, अंगभर पदर घेऊन, तिकिटाच्या जलशांत बैठक मारून गाणाऱ्या आपल्याकडील अगदीं पहिल्या स्त्रियांपैकीं होत. त्यांच्यामुळें घरंदाज बायकांचें गाणें पुष्कळ घरांत मान्य झालें. आमच्या घरांत तें तबकडीपुरतेंच मान्य झालें. दुपारीं पुरुषमाणसें निजलीं कीं माई चावीच्या यंत्राच्या तोंडांत फडक्याचा बोळा घालून ती हळू वाजवीत. वडील मंडळी थट्टेनें म्हणत, "माईंची पोथी सुरू झाली!" त्या थट्टेंत आम्हीही सामील होतों.

१९७४ सालीं मॅट्रिकची परीक्षा देऊन आम्ही मोकळे झालों होतों. रिकाम्या हातांस उद्योग म्हणून आम्हीं तबकड्या स्वच्छ करावयास घेतल्या, आणि औषधांच्या दुकानांतून स्पिरिट आणून सर्वांत मळकट दिसणाऱ्या तबकडीपासून प्रारंभ केला. ती माईंचीच. लाख स्पिरिटांत विरघळते, सुतार पॉलिश करतो तें याच गुणावर, हें ज्ञान आम्हांस त्या दिवशीं झालें. कापूस काळाकुट्ट व चिकट झाला, आणि एक बाजू कायमची मुकी झाली. आम्ही रडकुंडीस येऊन माईंपुढें उभे राहिलों. त्यांनीं तबकडी हातांत घेतली, उजेडांत धरली, आणि म्हणाल्या, "असूं दे रे बाळ. मला पाठ आहे तें."

एवढेंच. रागावल्या नाहींत, कोणास सांगितलेंही नाहीं. आम्हीं तो विषय तेथेंच संपला असें मानलें. १९८६ सालीं माई गेल्या.

गेल्या आठवड्यांत ती तबकडी आम्ही पुतण्याच्या हातीं देत होतों, तेव्हां सूनबाईंनीं ती पाहून विचारलें, "काका, मामंजींच्या तबकड्या आरशासारख्या काळ्या आहेत, हीच इतकी पांढुरकी कां?" प्रश्न मार्मिक होता. लाखेच्या तबकडीवर पोलादी सुई पुन्हां पुन्हां फिरली कीं चर झिजते व तबकडीवर राखाडी छटा येते. आमच्या घरच्या नामांकित तबकड्या सणावारीं वाजत, म्हणून त्या चकचकीत राहिल्या. जी खरोखर ऐकली गेली ती ही. सूनबाईंची दृष्टि तरुण. त्यांनीं आणखी एक दाखविलें. न बिघडलेल्या बाजूस, साधारण मध्यावर, एकाच ठिकाणीं सुई टेंकल्याच्या शेंकडों बारीक खुणा होत्या.

७८ च्या तबकडीची चर रुंद असते. लाँग-प्लेची बारीक सुई तिला चालत नाहीं. योग्य सुईचें यंत्र एका स्नेह्यांकडे होतें, तेथें आम्ही तिघें गेलों. खरखरीच्या आडून हिराबाईंचा तो निर्मळ सूर आला, आणि त्या खुणांच्या जागीं आलों तों एक लहानशी, अवघड हरकत होती. मग उलगडा झाला. त्या जागीं माई सुई उचलून पुन्हां ठेवीत होत्या. एकदां नव्हे, वर्षानुवर्षें. त्या नुसत्या ऐकत नव्हत्या, शिकत होत्या. 'मला पाठ आहे' हें आमचें सांत्वन नव्हतें. तें अक्षरशः सत्य होतें. आणि त्यांचें गाणें आमच्या घरांत एकाही माणसानें कधीं ऐकलें नाहीं.

शाकुंतलाचा पांचवा अंक आम्हीं परीक्षांस बसणाऱ्या मुलांस किती वेळां शिकविला असेल! त्याच्या आरंभीं राजानें विसरलेली हंसपदिका पडद्याआड गाते, आणि तें ऐकून दुष्यंत कारण न कळतां अस्वस्थ होतो. आम्ही तेथील अलंकार मुलांस समजावून देत असूं. राजा निदान अस्वस्थ तरी झाला. आम्ही मात्र भिंतीपलीकडे वामकुक्षी करीत होतों.

असो. परत येतांना पुतण्या कांहीं बोलला नाहीं. घरीं आल्यावर त्यानेंच तबकडी खणांत गुंडाळली, आणि शिसवी कपाट नव्या घरीं कोठें बसेल याचें माप घेऊं लागला. तबकड्या बाळगणाऱ्या वाचकांस आमच्या अनुभवाचें सार इतकेंच: त्या एकीवर एक न रचतां उभ्या ठेवाव्या, व्हिनाइलच्या तबकड्या उन्हापासून व उष्णतेपासून जपाव्या, कारण त्या वांकतात, आणि लाखेच्या तबकडीस स्पिरिट कधींही लावूं नये.

आणि एक. आपल्या घरांत एखादी काकू, आत्या वा आजी असेल, तर तिला कोणतें गाणें पाठ आहे तें आजच विचारावें, आणि तिनें म्हटलें तर बसून ऐकावें. आम्ही विचारावयाचें राहून गेलों.