तळ्याचा हक्क आणि जुनी नळी

२० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. तो हक्क हायकोर्टात कायम व्हायला १९३७ साल उजाडले. पाण्याचा हक्क मिळविणे हे एक काम, ते पाणी पिण्याजोगे राखणे हे दुसरे. त्या दुसऱ्या कामाविषयी आज आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

अमेरिकेत मिशिगन आणि ह्यूरॉन ही गोड्या पाण्याची सरोवरे जेथे मिळतात, तेथे तळाशी १९५३ साली दोन तेलनळ्या टाकल्या. एप्रिल २०१८ मध्ये एका बोटीचा नांगर लागून त्यांना पोचे पडले. तेथील आदिवासींचा मासेमारीचा हक्क १८३६ च्या तहाने राखलेला आहे. मात्र पाणीच नासले तर कागदावरचा हक्क काय कामाचा? म्हणून ते या नळ्यांविरुद्ध लढत आहेत.

त्यांची भीती पोकळ नाही. त्याच कंपनीची १९६९ सालची दुसरी नळी जुलै २०१० मध्ये त्याच राज्यात फुटली. धोक्याच्या घंटा वाजत असताना कर्मचाऱ्यांनी पंप पुन्हा सुरू केले. बाहेरच्या माणसाचा फोन आला तेव्हा सतरा तास उलटले होते. जड तेल कलामाझू नदीच्या तळाशी बसले; ते उपसायला वर्षे लागली. आपल्याकडेही मे १९९३ मध्ये बॉम्बे हायहून उरणला येणारी तेलनळी फुटून हजारो टन तेल अरबी समुद्रात गेले. समुद्र अफाट आहे. तळ्याला मात्र पळायला जागा नसते.

भोकरच्या आमच्या बंधू-भगिनींनी यातून काय घ्यावे? रेणापूरच्या सुधा प्रकल्पासारखा तलाव हीच आपली सरोवरे. पाण्याजवळून कसलीही नळी जात असो, तीन प्रश्न विचारावेत : ती कधी टाकली? शेवटची तपासणी कधी झाली? फुटली तर झडप कोण बंद करणार? ग्रामसभेत विचारा, नगरपरिषदेत विचारा. उत्तर न मिळाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहे. आणि आपल्या घरचा कोणी इंजिनाचे काळे तेल काठावर ओतत असेल, तर त्याचा हात आधी धरा.

भगवान बुद्धांनी अप्पमाद, म्हणजे सदैव सावध राहणे, शिकविले. पाण्याच्या बाबतीत हा धम्म घराघरांत पाळला जावा. ज्यांना एके काळी तळ्याला शिवू दिले नाही, त्यांनीच आज तळ्याचे राखणदार व्हावे, असे आम्हांस वाटते.

जयभीम!