पावसाळी लॉटला रक्ती हगवण; गोणीत औषध कुठलं, हेच शेतकऱ्याला माहीत नाही

मीरा-भाईंदरच्या चिकन दुकानांत पिंजऱ्यातून उतरणारी ब्रॉयलर ग्रामीण तालुक्यांतल्या शेडमध्ये पाच-सहा आठवडे वाढलेली असते. पावसाळ्यात शेडमधलं भाताचं तूस ओलं झालं की कॉक्सिडिओसिस, म्हणजे आपली रक्ती हगवण, डोकं वर काढते. आयमेरिया हा परजीवी पक्ष्याच्या आतड्यात वाढतो. विष्ठेतून पडलेली त्याची बीजं उबदार ओलीत एक-दोन दिवसांत संसर्गाला तयार होतात आणि नेहमीच्या जंतुनाशकाला दाद देत नाहीत. मर दिसते, पण मोठा फटका खाद्य खाऊनही वजन न भरण्याचा असतो.

म्हणून औषध खाद्यातच मिसळतात. सॅलिनोमायसिन (टनाला 60 ग्रॅम), मोनेन्सिन (100 ते 120) आणि मदुरामायसिन (5) ही आयनोफोर गटातली. परजीवी त्यांना लवकर सरावत नाही. थोडा संसर्ग राहतो, त्यातून पक्ष्यात प्रतिकारशक्तीही येते. मात्रा वाढली तर मात्र पक्षी पाय टाकतो. त्यात घरघर दिसली म्हणून पाण्यातून टियाम्युलिन दिलं आणि खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन असलं, तर विषबाधा ठरलेली.

दुसरा गट रासायनिक औषधांचा: डायक्लाझुरिल (1 ग्रॅम), रोबेनिडिन (33), निकार्बाझिन (125). काम चोख, पण लॉटमागून लॉट तेच वापरलं की परजीवी निर्ढावतो. निकार्बाझिन उन्हाळ्यात नकोच, उष्म्याने पक्षी पटापट मरतात. यावर जुना तोडगा म्हणजे स्टार्टरमध्ये रासायनिक, फिनिशरमध्ये आयनोफोर आणि काही लॉटनंतर अदलाबदल.

पण ही निवड शेतकऱ्याच्या हातात आहे कुठे? करारावरच्या शेडमध्ये पिलं, खाद्य, औषध सगळं कंपनीचं. शेतकऱ्याला किलोमागे संगोपनाचे पैसे. गोणीत काय मिसळलंय हे त्याला कुणी सांगत नाही, आणि घाबरून दुकानातून आणलेलं औषध तो त्यावरच ओततो. गटारीच्या तोंडावर भाव चढला की उचल चार दिवस आधी होते. रोबेनिडिन कत्तलीच्या 5 दिवस आधी बंद करायचं असतं, नाहीतर मांसाला त्याची चव येते. ते दिवस पाळले का, हे ना शेतकरी सांगू शकत ना भाईंदरचा दुकानदार.

औषधाचं नाव, मात्रा आणि बंद करायचे दिवस प्रत्येक गोणीवर मराठीत छापायला कंपन्यांना फारसा खर्च नाही. तोवर शेतकऱ्याने प्रत्येक खेपेला सुपरवायझरकडून हे लिहून घ्यावं आणि टियाम्युलिनची बाटली उघडण्याआधी तो कागद पशुवैद्यकाला दाखवावा. निपलखालचं ओलं तूस मात्र त्याच दिवशी बाहेर काढावं.