पाठीवरून फिरणारा हात

औषधाच्या बाटलीत न मिळणारी एक गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या तळहातात असते. घरात ती आपण कोणाकोणाला देतो?

सासरे गेले आणि सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे नोएडाला राहायला आल्या. इकडची थंडी त्यांना सोसेना. आज गुडघे, उद्या पाठ, परवा झोपच नाही. रक्त तपासलं, एक्स-रे काढले. डॉक्टर म्हणाले, ''वयोमानाप्रमाणे गुडघे झिजलेत, बाकी काळजीचं काही नाही.'' गोळ्या, बाम, गरम पाण्याची पिशवी, सगळं उशाशी होतं. गोळीची वेळ मी एकदाही चुकू दिली नाही.

त्याच हिवाळ्यात नणंद बाळंतपणासाठी आमच्याकडे आली. बाळ झाल्यावर मालिशसाठी एक बाई येऊ लागली. गच्चीवरच्या उन्हात पाय पसरून ती बाळाला पायांवर घ्यायची आणि सासूबाई शेजारी बसून बघायच्या. एक दिवस बाळ लवकर झोपलं. वाटीत तेल उरलं होतं. बाई म्हणाली, ''अम्माजी, पैर इधर कीजिए.''

''नको गं बाई, मी काय बाळंतीण आहे?'' असं म्हणाल्या खऱ्या, पण पाय काही त्यांनी मागे घेतले नाहीत. अर्ध्या तासात त्या तिथंच, उन्हात झोपी गेल्या.

संध्याकाळी भाजी निवडताना मला म्हणाल्या, ''हे गेल्यापासून माझ्या अंगाला कुणाचा हातच लागला नव्हता गं. सणावारी तुम्ही नमस्कार करता, तेवढाच.''

यावर मी काय बोलणार?

सफदरजंगमधला धडा

स्पर्शाची ताकद किती, याचा मोठा पुरावा आमच्या दिल्लीतूनच मिळाला आहे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवायचं, ही 'कांगारू मदर केअर' पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 साली सुरू झाली. तिथं काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या, म्हणून डॉक्टरांनी आईचीच ऊब वापरली. मात्र बाळाची तब्येत स्थिर झाल्यावरच त्याला आईजवळ द्यायचं, असा पुढंही प्रघात होता.

जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या पाच रुग्णालयांत हा प्रघात तपासून पाहिला. भारतातलं रुग्णालय होतं दिल्लीचं सफदरजंग. 1 ते 1.8 किलोच्या दरम्यान वजन असलेल्या तीन हजारांहून अधिक बाळांपैकी निम्म्यांना जन्मल्याबरोबर आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या छातीशी ठेवलं. दिवसाला साधारण 17 तास. 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीत पहिल्या 28 दिवसांत शंभरातली सुमारे 16 बाळं दगावली, तर छातीशी धरलेल्यांपैकी 12. फरक इतका स्पष्ट होता, की प्रयोग वेळेआधीच थांबवण्यात आला. आईची ऊब, दूध आणि सतत जवळ असणं, या सगळ्यांचा हा एकत्र परिणाम. त्यासाठी सफदरजंगमध्ये आईची खाट थेट अतिदक्षता विभागात आली!

मालिशचीही परीक्षा दिल्लीत झाली आहे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सव्वाशे तान्ह्या बाळांचे गट पाडले आणि एक गट सोडून बाकीच्यांना गटागटानं वेगवेगळ्या तेलांनी चार आठवडे मालिश केलं. मालिश न केलेल्या बाळांपेक्षा त्यांची वाढ चांगली झाली. मालिशनंतर झोपही वाढली. तिळाचं तेल त्यात सरस ठरलं.

मोठ्यांचं काय?

आपल्या त्वचेत असे बारीक मज्जातंतू असतात, की जे हळुवार, संथ हात फिरला की खास जागे होतात. श्वास संथ होतो, आखडलेले स्नायू सैल पडतात. हे तंतू वयाबरोबर निवृत्त होत नाहीत. निवृत्त होतो तो आपला हात! मूल शाळेत जाऊ लागलं, की आपण त्याला कुरवाळणं कमी करतो आणि म्हाताऱ्या माणसाला तर फक्त आधारापुरतं धरतो.

हात फिरवताना

आधी विचारा. नको म्हणणाऱ्याला आग्रह नको. तळहात एकमेकांवर चोळून गरम करा. टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. पाऊल, पोटरी, पाठ, डोकं, यातलं एकच निवडा; दहा मिनिटं पुरतात. समोरच्याच्या चेहऱ्याकडे लक्ष असू द्या, तो आक्रसला की दाब कमी करा.

ताप, जखम, मोडलेलं हाड किंवा अंगावर पुरळ असेल, तर मालिश करू नका. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर तो अजिबात चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, डॉक्टरांना गाठा. बाळाच्या नाका-कानात तेल घालू नका, त्याची छाती पिळू नका आणि कोवळ्या त्वचेवर मोहरीचं तेल टाळलेलंच बरं.

मालिश हा उपचाराला पर्याय नाही, जोड आहे. सासूबाईंचे गुडघे अजूनही दुखतात, गोळीही चालू आहे. पण आता रात्री जेवणं झाली, की माझी लेक तेलाची वाटी घेऊन आजीच्या पायांशी बसते. दहा मिनिटांचा तास कधी होतो, दोघींनाही कळत नाही. मधल्या वेळात आजी तिला साताऱ्याच्या गोष्टी सांगते आणि कित्येकदा गोष्ट पूर्ण व्हायच्या आतच झोपी जाते.

आज रात्री तुमच्या घरात असा हात कोणाला हवा आहे, बघा बरं.